बेसवादकाच्या पाठीमागची भिंत

'द हू' या लंडनच्या बँडनं 1965 मध्ये 'माय जनरेशन' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात मध्येच गिटार थांबते आणि तिची जागा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची चार तारांची गिटार, घेतो. रॉकमध्ये तोवर बेसनं मागं राहून ताल आणि खर्ज सांभाळायचा असाच रिवाज होता. वाजवणारा जॉन एंटविसल तेव्हा जेमतेम 21 वर्षांचा होता. त्याला खणखणीत, धारदार आवाज हवा होता आणि तो त्याला डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या स्वस्त अमेरिकी बेसवरच्या बारीक तारांमध्ये सापडला. अडचण अशी की त्या तारा तुटायच्या आणि सुट्या तारा लंडनमध्ये मिळत नव्हत्या. मग त्यानं तारांसाठी दुसरा बेस विकत घेतला, त्याच्याही तुटल्या, तेव्हा तिसरा. शेवटी गाणं मुद्रित झालं ते फेंडर कंपनीच्या जॅझ बेसवर, निराळ्या तारा लावून.

तारेच्या एका संचासाठी अख्खं वाद्य विकत घेणारा हा माणूस हट्टी होता, पण त्याच्या हट्टाला भक्कम कारण होतं. रॉक बेसवादकाची वाद्यं, तारा, ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र), स्पीकर हे सगळं का असतं आणि तसंच का असतं, ते एंटविसलच्या वाटेनं गेलं की फार नीट उलगडतं. 2002 साली तो गेला, पण आज पुण्या-मुंबईच्या जॅम रूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, बेस खांद्याला अडकवणारा प्रत्येक जण त्यानं सोडवलेली कोडी तयार उत्तरांसकट वापरतो.

आधी मूळ अडचण पाहू. बेसला चार तारा असतात: ई, ए, डी आणि जी. सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं (41 हर्ट्झ) होतात. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षा हा स्वर बरोबर एक सप्तक खाली आहे. हवेतली त्याची एक लहर सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे बहुतेक घरांतल्या दिवाणखान्यात ती पूर्ण मावतही नाही. वर आपला कान इतक्या खालच्या स्वरांना मंद आहे. माणसाचा कान कुठल्या स्वराला किती तीक्ष्ण असतो याचे आलेख फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यातून दिसतं की बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजाइतकाच खर्ज ऐकू यायचा असेल तर त्यामागं कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

मग मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही गाण्यातला बेस कसा कळतो? तो स्पीकर 41 हर्ट्झचा स्वर काढूच शकत नाही. इथं तानपुरा आठवावा. खर्जाची तार छेडली की षड्जाबरोबर, कान तयार असेल तर, गंधारही ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. एकाच तारेच्या पोटातून आपोआप उमटलेला असतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. बेसची तारही अशीच 41 च्या जोडीला 82, 123, 164 अशा पटींत स्वर काढते. मेंदू या वरच्या स्वरांमधलं अंतर ओळखतो आणि त्यावरून खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मूळ स्वर स्पीकरमधून आलेला नसला तरी.

बेसच्या सामग्रीतली बहुतेक प्रत्येक वस्तू या दोन टोकांपैकी एक सांभाळते. छातीला जाणवणारा खर्ज हवा असेल तर ताकद आणि आकार लागतो. कोणता स्वर वाजला ते स्पष्ट कळायचं असेल तर वरचे स्वयंभू स्वर जिवंत ठेवावे लागतात. 'द हू'मध्ये दुसरा गिटारवादक नव्हता, कीबोर्ड नव्हता, आणि ड्रमवर कीथ मून वादळासारखा सुटलेला असायचा. त्या गदारोळात नुसत्या खर्जाचा घुमारा विरून गेला असता. एंटविसलला वरचं टोक जिवापाड हवं होतं ते म्हणून.

सुरुवात तारेपासूनच करायला हवी. खालचा स्वर हवा तर तार जड हवी. पण एकसंध जाड सळई ताणली तर ती इतकी ताठ होते की तिचे स्वयंभू स्वर सुराबाहेर सरकतात. म्हणून मधे बारीक पोलादी गाभा घेऊन त्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढतं, लवचीकपणा टिकतो. 1950 च्या दशकात ही वरची गुंडाळी चपट्या पट्टीची असे. हाताला गुळगुळीत, आवाजाला गोल आणि मऊ, छेडल्यावर लवकर विझणारी अशी ही तार. जुन्या सोल संगीतातला बेस याच तारांचा आहे आणि तिथं तो फार सुंदर लागतो. एंटविसलला मात्र त्यात आपला आवाज सापडेना.

इंग्लंडमध्ये जेम्स हाऊ यांची रोटोसाउंड ही तारा बनवणारी कंपनी होती. 1966 मध्ये एंटविसल आपला बेस घेऊन थेट तिथं गेला. हव्या तशा वाजेपर्यंत तारा करून पाहायच्या, असं ठरलं. त्यातून गोल तारेच्या गुंडाळीचा जो संच तयार झाला तो आजही 'स्विंग बेस 66' या नावानं विकला जातो. गोल गुंडाळीची तार जास्त लवचीक असते, तिच्यात कंपनं कमी मुरतात, म्हणून वरचे स्वर लखलखीत येतात आणि स्वर लांबतो. तिचे तोटेही आहेत. बोट सरकवलं की करकर ऐकू येते, दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजतात, आणि गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ साचला की चमक जाते. एंटविसल जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला नवा संच चढवी. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या बेसवादकाला हे वेगळं सांगायला नको. दमट हवेत नव्या तारांचा तजेला भराभर उतरतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा पुसणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

आता वाद्य. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी 1930 च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्कनं विजेवर चालणारा, गिटारसारखा आडवा धरायचा बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. फेंडरचा पसरला, कारण माणसाएवढा उभा डबल बेस टपावर बांधून गावोगाव फिरणाऱ्यांचे हाल त्यानं संपवले. फ्रेटमुळे स्वर अचूक लागू लागला. तारेची वाजणारी लांबी 34 इंच ठरली आणि आजही बहुतेक बेसची तीच आहे.

या वाद्यातली कळीची वस्तू म्हणजे पिकअप. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. तारेचा थरकाप विजेच्या रूपात केबलमध्ये जातो तो असा. पिकअप कुठं बसवला आहे यावर आवाज बराच ठरतो. तार जिथं संपते त्या ब्रिजजवळ तिचं हेलकावणं लहान असतं, तिथं मूळ स्वर कमी आणि वरचे स्वर जास्त मिळतात. मधल्या बाजूला सरकावं तसा खर्ज भरत जातो. प्रिसिजनला दोन तुकड्यांत विभागलेला एक पिकअप असतो. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन पिकअप आहेत आणि दोघांचं प्रमाण दोन बटणांनी कमी-जास्त करता येतं. माझं मत विचाराल तर एकच बेस घ्यायचा असलेल्या रॉकवाल्यानं प्रिसिजनच्या घडणीचा घ्यावा. बटणं कमी, गोंधळ कमी, आणि गिटारांच्या गर्दीत तो आपली जागा बरोबर पकडतो.

एकाच कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकाच गठ्ठ्याचा, पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. भारतात वीज 50 हर्ट्झची, आणि बेसवर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर 49 हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण नेमकी आपल्याच खोलीत येऊन बसते. जॅझ बेसची दोन्ही पिकअपची बटणं सारखी उघडली की ती नाहीशी होते, कारण दोन कॉइल एकमेकांच्या उलट गुंडाळलेल्या असतात आणि गुणगुण परस्पर कटते. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांतही 1957 पासून हीच युक्ती आहे. एवढं करूनही आवाज येत असेल तर त्या खोलीच्या प्लगला अर्थिंग आहे का ते आधी तपासा. हा सुरापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

फेंडरच्या रचनेतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दांडी धडाला चिकटवलेली नसते, चार स्क्रूंनी बसवलेली असते. 'द हू'ची मंडळी मंचावर वाद्यं फोडण्यासाठी प्रसिद्ध होती. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एंटविसलनं मोडक्या पाच बेसचे चांगले भाग वेगळे काढले आणि स्क्रूड्रायव्हर व सोल्डरिंग आयर्न घेऊन त्यांतून एक बेस जोडला. त्याचं नाव त्यानं 'फ्रँकेनस्टाइन' ठेवलं. हा जोडकाम केलेला बेस त्यानं पुढची काही वर्षं आवडीनं वाजवला. चिकटवलेल्या दांडीच्या वाद्यांच्या बाबतीत ही डागडुजी इतकी सहज झाली नसती.

पुढे 1970 च्या दशकात तो गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड बेसवरून अलेम्बिककडे गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली ही कंपनी बेसच्या पोटातच छोटं विद्युत मंडल बसवत असे. साध्या बेसमधली टोनची कळ फक्त वरचे स्वर कापते, नव्यानं काही वाढवत नाही. पोटातलं मंडल वाढवूही शकतं, आणि लांब केबलमधून जाताना हरवणारे वरचे स्वरही वाचवतं. आज ज्याला आपण ॲक्टिव्ह बेस म्हणतो आणि ज्यात 9 व्होल्टची बॅटरी असते, त्याचं मूळ इथं आहे. वाजवून झालं की जॅक काढून ठेवायचा, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

इथवर आपल्या हातात क्षीण वीज आहे. तिचा मंचभर आवाज करायला ॲम्प लागतो, आणि इथं गणित कठोर आहे. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबेलनं (आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर सुमारे 10 डेसिबेल हवेत, म्हणजे ताकद दहापट. गिटारवादकाचं 50 वॅटमध्ये भागतं तिथं बेसला 300 वॅट लागतात त्याचं कारण हे.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इतकी ताकद कुणाकडेच नव्हती. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. मूळचा ड्रमवादक असलेल्या या माणसानं आपल्या तंत्रज्ञांकरवी ॲम्प बनवायला घेतले आणि नमुना म्हणून फेंडरचा बेसमन समोर ठेवला. बेससाठी बनलेल्या त्या ॲम्पच्या या वंशजावर पुढे रॉक गिटारचा सगळा गुरगुराट उभा राहिला, ही इतिहासाची मजेशीर वाट आहे. एंटविसल आणि गिटारवादक पीट टाउनझेंड या दुकानाचे गिऱ्हाईक. दोघांची एकमेकांवर कुरघोडी चाले. एकानं मोठा ॲम्प आणला की दुसऱ्याला त्याहून मोठा हवा. त्यांच्या मागणीतून 1965 च्या सुमारास मार्शलचा 100 वॅटचा ॲम्प जन्मला. टाउनझेंडला एका पेटीत 12 इंची आठ स्पीकर हवे होते. तशी पेटी बनली, पण ती उचलणाऱ्या माणसांच्या कमरेचा प्रश्न आला. मग चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या करून एकावर एक ठेवल्या. रॉकच्या मंचावर वादकांच्या मागं दिसणारी काळी भिंत ती हीच.

या पेटीला मागून बंद ठेवण्याला कारण आहे. स्पीकरचा पडदा पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. खर्जाची लहर इतकी लांब की ती सहज वळसा घालून मागून पुढं येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. पाठ बंद केली की ही चोरी थांबते. शिवाय एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. त्यासाठी एकतर पडदा मोठा हवा, नाहीतर पडदे जास्त हवेत. अमेरिकेतल्या ॲम्पेग कंपनीनं 1969 मध्ये दुसरा मार्ग धरला: 300 वॅटचा नळ्यांचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) ॲम्प आणि बंद पेटीत 10 इंची आठ स्पीकर. लहान पडदे चपळ असतात, म्हणून बोटाचा ठोका स्पष्ट येतो, आणि आठ मिळून खर्जालाही पुरतात. तो नुसता ॲम्पच सुमारे 40 किलोचा, पेट्या त्याहून जड. रॉक बेसचा आवाज म्हटलं की आजही बहुतेकांच्या कानात हीच जोडी असते.

एंटविसलची सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि नव्या वादकानं ती जरूर समजून घ्यावी. ॲम्पवर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला की लहरीचे माथे कापले जातात आणि आवाजात खरखर येते. ही खरखर म्हणजे नव्यानं निर्माण झालेले वरचे स्वर, आणि रॉकला ते हवेच असतात. पण खर्जाची लहर आकारानं प्रचंड असते. ती ॲम्पची सगळी जागा व्यापते, आणि माथा कापला की तिच्यावर बसलेले बारीक स्वरही कापले जातात. उरतो तो चिखल. एंटविसलनं 1970 च्या दशकात सिग्नलचे दोन भाग केले. खालचे स्वर एका ॲम्पला आणि मोठ्या स्पीकरना, स्वच्छ. वरचे स्वर दुसऱ्या ॲम्पला आणि लहान स्पीकरना, हवी तितकी खरखर घालून. पाया हलत नाही आणि वरची धारही मिळते. आज बेसच्या ओव्हरड्राइव्ह पेडलवर, म्हणजे पायानं चालू-बंद करायच्या, खरखर घालणाऱ्या डबीवर, मूळ स्वच्छ आवाज मिसळणारी 'ब्लेंड' नावाची जी कळ असते ती हेच काम खिशात मावेल एवढ्या डबीत करते. ती कळ नसलेलं गिटारचं पेडल बेसला लावलं की खर्ज गायब होतो, आणि दोष बिचाऱ्या बेसला दिला जातो.

कळींबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ॲम्पवर बेस, मिडल, ट्रेबल अशा तीन कळी असतात आणि नवखा बेसवादक पहिली पूर्ण उघडतो, मधली मिटवतो. एकट्यानं वाजवताना हे भारदस्त वाटतं. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की त्याचा एकही स्वर कळत नाही. 'मोटरहेड' बँडचा बेसवादक लेमी याच्या अगदी उलट करायचा: मधली कळ पूर्ण वर, बेस आणि ट्रेबल खाली. इतकं टोक गाठायची गरज नाही, पण दिशा तीच ठेवा.

या ताकदीची किंमतही चुकवावी लागली. 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्लटन फुटबॉल मैदानावर 'द हू'चा कार्यक्रम झाला. ध्वनियंत्रणा 76,000 वॅटची होती आणि स्पीकरपासून 32 मीटरवर आवाज 126 डेसिबेल मोजला गेला. जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. पुढं गिनीजनं हा विक्रमच नोंदवणं बंद केलं, कानांची हानी वाढू नये म्हणून. टाउनझेंडच्या कानांत कायमची घणघण बसली आणि एंटविसललाही नंतरच्या वर्षांत ऐकायला कमी येऊ लागलं. अमेरिकी आरोग्य मार्गदर्शनानुसार 85 डेसिबेल आठ तास चालतात आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबेलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबेलला फक्त 15 मिनिटं उरतात. बंद जॅम रूममध्ये ड्रम आणि ॲम्प मिळून 100 सहज ओलांडतात. खर्ज अंगाला जाणवतो, कानाला टोचत नाही, म्हणून बेसवादकाला धोका उशिरा कळतो. वादकांसाठीचे इअरप्लग सगळे स्वर सारखे कमी करतात, त्यामुळं सूर बिघडत नाही. ते वाद्याइतकेच गरजेचे आहेत आणि पहिल्या दिवसापासून.

आता इतकी भिंत लागत नाही. हलक्या नव्या तंत्राचे 500 वॅटचे ॲम्प अडीच-तीन किलोत येतात. शिवाय मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांना ऐकू येणारा बेस तुमच्या ॲम्पचा नसतोच. बेसमधून निघालेली केबल डीआय नावाच्या डबीत जाते. ही डबी त्या क्षीण सिग्नलला लांब केबलचा प्रवास सोसेल असं रूप देते आणि तो थेट ध्वनियोजकाच्या मिक्सरला पोचतो. तुमचा ॲम्प उरतो तुमच्या स्वतःच्या आणि ड्रमवादकाच्या कानांसाठी.

म्हणून खर्चाचा क्रम मी असा लावेन. आधी बरा प्रिसिजन-घडणीचा बेस, महाग नको. मग गोल गुंडाळीच्या चांगल्या तारा आणि जाणत्या कारागिराकडून सेट-अप, म्हणजे तारांची उंची आणि दांडीचा बाक जुळवून घेणं. मग इअरप्लग. त्यानंतर डीआयची सोय आणि ब्लेंडची कळ असलेलं एक प्रीॲम्प पेडल (ॲम्पच्या आधी आवाज घडवणारी डबी). ॲम्प सर्वांत शेवटी, कारण जॅम रूममध्ये आणि कार्यक्रमाच्या जागी तो बहुधा असतोच.

सेट-अप दरवर्षी करावा लागतो, आणि आपल्याकडं तो पावसाळ्यात. चार तारांचा मिळून 70 किलोहून जास्त ताण त्या लाकडी दांडीवर चोवीस तास असतो. जून-जुलैत लाकूड ओलावा पितं, दांडीचा बाक बदलतो, तारा फ्रेटवर खडखडू लागतात किंवा फार उंच जातात. दांडीच्या आत त्यासाठी पोलादी सळई असते. तिची चावी एका वेळी पाव वळशाहून जास्त फिरवू नका. फिरवल्यावर वाद्य सुरात लावा, दांडीला एक दिवस स्थिरावू द्या आणि मग पुन्हा बघा. एंटविसलनं शेवटच्या काळात कार्बन फायबरचा बझर्ड बेस वाजवला. त्याच्या दांडीला हवेतल्या ओलाव्याचं काही वाटत नाही, पण तसा बेस बाळगणारे आपल्याकडं थोडेच. बाकीच्यांनी ती चावी बेसच्या पिशवीतच ठेवावी.